बारावं आसन

फार फार पूर्वी, अरण्याच्या कडेला एक विद्यापीठ होतं. तिथे पाच आचार्य होते. पाचही जण स्वतःला न्यायी म्हणवत. दुसरं कुणी तसं म्हणत नसे.

तिथे एक रिवाज होता. विद्यार्थ्यावर आरोप आला की आधी त्याचं गवती आसन गुंडाळून भिंतीशी उभं करायचं, चौकशी मग. आसन नाही म्हणून त्याला सभेत बसता येत नसे, आणि सभेत नाही म्हणून बोलता येत नसे. अशी अकरा आसनं भिंतीशी उभी होती. मुलं त्यांच्याकडे पाठ करून बसत नसत. म्हणत, ती कुजबुजतात.

एक दिवस मोठ्या पोथीतलं पान गायब झालं. आदल्या दिवशी पोथी वाचली होती कुंभाराच्या मुलीने. लगेच तिचं आसन गुंडाळलं गेलं. पोथी पुरावा ठरली, म्हणून ती लाल कापडाच्या बासनात बांधून ठेवली. निकालाआधी पुराव्याला हात लावायचा नाही, हाही रिवाजच.

मुलगी सात वर्षं शिकली होती. दीक्षा आठवड्यावर आली होती. हाकललेलीला कुठलंच गाव शाळा काढू देणार नव्हतं.

ती उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "आचार्य, पोथी ठेवतात त्या फळीवर मातीची रेघ आहे. ती वाळवीची माती. कापड सोडून बघा ना."

"कुंभाराची पोर," थोरले आचार्य हसले, "हिला जिकडेतिकडे मातीच दिसणार."

"एकदा बघायला काय जातंय तुमचं?"

"बाहेरच्यांनी बोलायचं नसतं."

चौकशी सात दिवस चालली. दुसऱ्या दिवशी बासनातून बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. चौथ्या दिवशी ती भिंतीतून आली. वारा नसताना बाराही आसनं डुलू लागली.

"ऐकलंत?" थोरले म्हणाले. "पोथी स्वतः साक्ष देतेय." बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. तेवढंच त्यांना येत होतं.

सातव्या दिवशी मुलगी दोषी ठरली. मग बासन सोडलं. आत पान नव्हतं, अक्षर नव्हतं. नुसती ओली, वळवळणारी माती होती.

भिंतीशी उभी आसनं एकामागून एक कोसळली. आचार्य उठायला गेले, पण त्यांची आसनं त्यांना सोडेनात. माती मांड्यांवर चढली होती.

"पोरी, आमचं ऐक तरी," थोरले म्हणाले.

"मी सभेत नाही, आचार्य," ती म्हणाली. "मला बोलता येत नाही, तसं ऐकताही येत नाही."

ती निघाली. तिच्यामागे सगळी मुलं निघाली. पुढे बापाच्या मडकी भाजायच्या आव्यापाशी तिने शाळा काढली. तिथे आरोप आलेल्याला सर्वांत पुढे बसवत आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारत.

अरण्याच्या कडेला आता पाच वारुळं आहेत, बसल्या माणसाएवढी. कान लावला तर आतून आवाज येतो: आमचं ऐका.

बोध: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं न ऐकता, पुरावा न उघडता दिलेला निकाल हा न्याय नसतो.