भाकर आधी, उपदेश मागून

तिथं नका बसू ताई. हो, तुम्हालाच म्हणते. लिंबाची सावली गार आहे, कबूल, पण त्या दगडावर उगाच कोणी टेकत नाही. इकडं पायरीवर या. मी पस्तीस वर्षं या देवळाची झाडलोट करते, सगळ्यांना हेच सांगते.

सकाळी उपासनेत तुमची चुळबुळ चाललेली पाहिली मी. सगळीकडं उपदेश आधी आणि प्रभुभोजनाची भाकर मागून, आणि या मोहरदऱ्याचंच काय उलटं? तर ऐका. माझ्या आजेसासूनं सांगितलं तसं सांगते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे इथले पहिले पाळक उजागरे. माणूस सोन्यासारखा, पण शिस्तीचा फार कडक. त्यांच्या मंडळीत गजराबाई म्हणून एक विधवा होती. तिची सासू तान्हूबाई. सून बाटली म्हणून म्हातारीनं कधी देवळाची पायरी चढली नाही, पण राहायच्या दोघी एकाच चुलीवर. आणि एक नात, कृपा, पाच वर्षांची.

एका साली पटकीची साथ आली. घराघरातनं माणसं जात होती, खांदेकरी मिळेनात. कृपाला जुलाब लागले तेव्हा तान्हूबाईनं तिच्या मनगटात मरीआईचा काळा दोरा बांधला. गजराबाईनं तो पाहिला आणि काही बोलली नाही. मी म्हणते, कुठली आई बोलली असती?

रविवारी पोरीला कडेवर घेऊन ती प्रभुभोजनाला आली. पाळकांची नजर दोऱ्यावर गेली. ते म्हणाले, "तोडा तो."

"पोर उठून बसली की तोडते साहेब. म्हातारीचा जीव अडकलाय त्यात. आज नको."

भरल्या मंडळीसमोर पाळकांनी भाकरीचं ताट तिच्यापुढून मागं घेतलं. नियमच होता तसा. चुकलेल्यानं आपण होऊन आत यावं, मंडळीपुढं उभं राहून कबूल करावं, मग त्याला परत भाकर. तोवर नाही.

कृपा वाचली. त्याच आठवड्यात गजराबाईनं आपल्या हातानं दोरा तोडला, चुलीत टाकला. पण ते पाळकांना सांगायला गेली नाही. तिला वाटलं, त्यांनी बाहेर काढलंय, तर तेच येऊन बोलावतील. मेंढपाळ म्हणवतात ना! आणि पाळकांना वाटलं, हिचं मन अजून वळलं नाही, वळलं की येईल. दोघं एकमेकांची वाट बघत राहिले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती यायची, ह्या दगडावर बसायची, आतली गाणी ऐकायची. एकदा पाळकांनी हरवलेल्या एका मेंढराला शोधत निघणाऱ्या मेंढपाळाचा उपदेश केला. ते ऐकून ती उठून उभी राहिली म्हणे, पदर सारखा केला. तिला वाटलं, आता येतील बाहेर. उपासना संपली, लोक तिला वळसा घालून घरी गेले.

अशी दोन वर्षं! बारा पावलांचं अंतर आहे हो, मोजून बघा.

मग साथ परत आली, आणि ह्या वेळी गजराबाईलाच धरलं. रविवारचा दिवस होता, पाळक उपदेशाला उभे होते. तेवढ्यात तान्हूबाई धापा टाकत दारात आली. जन्मात पहिल्यांदा आली. म्हणाली, "साहेब, सून भाकर मागतीय तुमची. लवकर चला. टिकायची नाही ती."

पाळक म्हणाले, "येतो बाई, एवढा उपदेश संपला की निघालोच."

म्हातारी गेली. पाळकांनी बायबलातली वचनं उलगडली, दाखले दिले, लांबण लावली. वाईट मनानं नाही, रीत होती ती. मग प्रार्थना करून भाकर घेऊन निघाले, तर गजराबाई ह्या दगडावरच बसलेली. भिंती धरत धरत आली होती. लिंबाला पाठ टेकलेली, भाकर घ्यायला उजवा हात डाव्यावर ठेवून तळवा पुढं केलेला. पाळकांना वाटलं, बसलीय. "ख्रिस्ताचं शरीर" म्हणत त्यांनी तुकडा तळहातावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. ते परत म्हणाले. मग तान्हूबाईनंच येऊन त्यांचा हात बाजूला केला. "राहू द्या आता," एवढंच बोलली.

त्या दिवसापासून उजागरे पाळकांनी भाकर मोडली, सगळ्यांना दिली, स्वतः खाल्ली नाही. पंचांनी हातापाया पडून सांगितलं. ऐकलं नाही. "मला बोलावणारी गेली," म्हणायचे. एकोणीस वर्षं असंच चाललं.

शेवटी ते अंथरुणाला खिळले. जायची वेळ आली, तोही रविवारच होता. नव्या पाळकांनी उपदेश नुकता सुरू केलेला. कृपा तेव्हा लेकुरवाळी झालेली. कोणीतरी तिच्या कानात सांगितलं, म्हाताऱ्याचं आटपत आलंय. ती भर उपदेशात उठली, मेजावरची भाकर मोडली, प्रार्थनेलाही थांबली नाही, पदर खोचून पळत सुटली.

उजागऱ्यांनी तिला ओळखलं. "उशीर झाला ना गं, बाई?" म्हणाले.

कृपानं तुकडा त्यांच्या ओठांना लावला. "तुम्हाला नाही झाला," म्हणाली. त्यांनी खाल्लं, आणि रडत रडतच गेले, असं सांगतात.

तेव्हापासून इथं भाकर आधी. आजही पाळक भाकर मोडली की ताट घेऊन आधी ह्या दगडापाशी येतो. कोणी बसलेलं असलं तर पहिला तुकडा त्याचा, का बसलास म्हणून विचारायचं नाही. कोणी नसलं तर परत आत. आत्ताचे पाळक तरुण आहेत, शहरात शिकलेले. आले तेव्हा ही रीत ऐकून हसले होते. गेल्या महिन्यात दगडावर कोणी नव्हतं. आम्ही आत वाट बघतोय, हे परत येईनात. मी दारातनं डोकावले, तर ताट तसंच हातात धरून ते खालच्या आळीला निघाले होते. कोणाच्या घरी गेले ते मी सांगायची नाही, पण त्या घराची वाट टाकलेल्या आमच्यातल्या बऱ्याच जणांनी माना खाली घातल्या. आम्ही दीड तास बसून राहिलो. उपदेश त्या दिवशी झालाच नाही.