यक्षतळ्याचं पाणी आणि तीन दालनं

एका राज्यात सैन्य मोठं होतं, आणि सैन्याहून सैन्याचा कारभार मोठा होता. राजवाड्यासमोर सेनागृह होतं, त्यात तीन दालनं. पहिलं हेरांचं, दुसरं हत्तीवाल्यांचं, तिसरं कोठाराचं. हेरांना साऱ्या वाटा ठाऊक, हत्तीवाल्यांना सारी ओझी ठाऊक, कोठारवाल्यांना सारा दाणागोटा आणि भांडीकुंडी ठाऊक. पण एका दालनातला माणूस दुसऱ्या दालनाचा उंबरठा ओलांडत नसे. सेनापती ज्याचा त्याला प्रश्न लिही आणि थैलीत घालून मोहोर करी. तिन्ही उत्तरं मोहोरबंद परत येत. सेनापती ती एकाखाली एक उतरवून काढी आणि त्याला मोहिमेचा बेत म्हणे. अशी तिथली रीत, आणि त्या रीतीचा त्यांना कोण अभिमान!

बारा वर्षांपूर्वी ताम्राक्ष नावाचा म्हातारा मांत्रिक त्या सेनागृहात आला होता. श्येनगडाच्या तळघरात शापित खजिना आहे, त्याचं झाकण उघडू नका, एवढंच त्याला सांगायचं होतं. हेर म्हणाले, "खजिना म्हणजे कोठाराचं काम." कोठारवाले म्हणाले, "गड म्हणजे हेरांचं काम." हत्तीवाले म्हणाले, "आपण हत्तीवरून आलात? नाही ना? मग आमच्याकडे कशाला?" सात दिवस म्हातारा या दारातून त्या दारात हिंडला. आठव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. अंगणात उभं राहून त्यानं शाप दिला, "एका दालनाचं बोलणं दुसऱ्या दालनाला बेडकाचं डरांव डरांव ऐकू येवो!"

शाप तिथल्या तिथे लागला. पण बारा वर्षं तो कुणाच्या ध्यानातच आला नाही. ध्यानात यायला आधी एकमेकांशी बोलावं लागतं!

पुढे राजा शार्दूलसेन सातशे शिपाई घेऊन श्येनगडावर गेला. एका शिपायानं तळघरातलं झाकण उघडलं, आणि सारे जिथे उभे होते तिथेच पावलांपासून दगड होऊ लागले. गडावरची साळुंकी उडत उडत राणी पद्मलेखेच्या खिडकीत आली.

"राणी, एकविसाव्या दिवशी दगड डोक्यावर चढेल. मग उपाय नाही."

"आज उपाय आहे?"

"यक्षतळ्याचं पाणी. प्रत्येकाच्या पावलांवर एक ओंजळ. भरल्यापासून ते जमिनीला टेकवायचं नाही, आणि तिसरा सूर्य मावळायच्या आत गडावर पोचवायचं."

राणीनं सेनापतीला बोलावलं. सेनापतीनं थैल्या धाडल्या. हेरांनी जवळची वाट लिहून दिली, वाघखिंडीतून. हत्तीवाल्यांनी सात थोराड हत्ती दिले. कोठारानं सात तांब्याचे हंडे दिले. तिन्ही उत्तरं अचूक होती, आणि हत्ती वाघखिंडीत अडकले. हंडे कलंडले, पाणी मातीत गेलं. गडावर दगड गुडघ्यांपर्यंत चढला.

पुन्हा थैल्या गेल्या. या खेपेला हेरांनी हत्ती मावेल अशी रुंद वाट सांगितली, नदीकाठची. ती चार दिवसांची होती. तीन सूर्यास्तांची अट सेनापतीनं फक्त कोठाराला कळवली होती, कारण पाणी ही कोठाराची बाब! चौथ्या दिवशी गडावर पोचलं ते नुसतं पाणी. दगड राजाच्या कमरेवर गेला, आणि बारा दिवस सरले.

साळुंकीनं हे सांगितलं तेव्हा राणी खाली बसली. तिला रडू आलं आणि सेनापतीचा संतापही आला.

"सेनापती, हे तिघे आपसात बोलले का?"

"बोलण्याची पद्धत नाही, राणीसाहेब."

"आत्ता बोलवा तिघांच्या मुख्यांना. माझ्यासमोर."

तिन्ही मुख्य अंगणात आले. हेरांचा मुख्य तोंड उघडतो तोच बाकीचे दोघे दचकून इकडेतिकडे बेडूक शोधू लागले. राणीला प्रत्येकाचा शब्द न् शब्द कळत होता, कारण ती कुठल्याच दालनातली नव्हती. पण त्या तिघांत नुसतं डरांव डरांव चाललं होतं. म्हातारा मांत्रिक काय बोलून गेला होता ते तेव्हा सेनापतीला आठवलं, आणि त्याचा चेहरा पडला.

राणी साळुंकीच्या मागोमाग ताम्राक्षाच्या गुहेत गेली.

"मला सात दिवस फिरवलं," म्हातारा म्हणाला.

"चुकलं आमचं. त्याची शिक्षा माझ्या नवऱ्याला नको."

म्हातारा म्हणाला, "दिलेला शाप परत घेणं माझ्या हाती नाही, बाई. तो तुमच्याच माणसांनी सोडवायचा. एकाच चटईवर तिन्ही दालनांची माणसं बसव. त्यांनी ते काम हातानं केलेलं असावं. त्यांचा शब्द त्यांच्या दालनाला बांधील असावा. आणि आपल्या दालनाला काय जमत नाही, ते प्रत्येकानं बाकीच्यांसमोर सांगावं."

राणीनं अंगणात चटई अंथरली. पहिल्या दिवशी तिन्ही मुख्य येऊन बसले. मानाचं काम ते दुसऱ्याला कसे देतील? प्रत्येकानं आपल्या दालनाची थोरवी गायिली. राणी दुभाषी व्हायला तयार होती, पण उलगडून सांगावं असं कुणी काही बोलेचना. संध्याकाळपर्यंत बेडूकच ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुख्यांनी नाकं मुरडत आपापला सगळ्यात बिनकामाचा कारकून धाडला. राणी काहीही विचारो, तिघांचं एकच उत्तर, "विचारून सांगतो." दगड राजाच्या छातीवर चढला.

तिसऱ्या दिवशी राणीनं माणसं स्वतः निवडली. हेरांतली कुरंगी, जिनं वाघखिंड नऊ वेळा पालथी घातली होती. हत्तीवाल्यांतला गजोबा, ज्याचे हत्ती खिंडीत अडकले होते. कोठारातली तुंगाबाई, जिनं हंडे भरून दिले होते. राणीनं मुख्यांना बजावलं, "हे तिघं जे कबूल करतील, ते तुम्ही कबूल केलं असं समजेन."

तिघं बसली. गजोबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"माझे हत्ती खिंडीत मावत नाहीत. मला ठाऊक होतं. थैलीत फक्त किती हत्ती हवेत तेवढंच विचारलं होतं, म्हणून मी तेवढंच लिहिलं."

कुरंगी मान खाली घालून म्हणाली, "वाट दाखवते मी, पण तिच्यावरून कोण जाणार, ते मी कधी विचारलं नाही. मला ओझ्यातलं काही कळत नाही."

तुंगाबाईचे डोळे भरून आले. "तीन सूर्यास्तांची अट मला ठाऊक होती. वाटेला किती दिवस लागतील ते ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला? माझे हंडे तर पाण्याहून जड!"

"मग हंडे नकोतच," गजोबा म्हणाला, आणि एकदम थबकला. "बाई, मला तुमचं बोलणं कळलं!"

शाप सुटला होता. मग काय विचारता! बारा वर्षांचं बोलणं साचलेलं. तिघं एकमेकांना बोलू देईनात.

"चामडी पखाली देते. हलक्या असतात."

"तळ्यापासून खिंडीपर्यंत दलदल आहे. ओझं घेतलेला माणूस रुततो."

"तिथे माझे हत्ती. खिंडीच्या तोंडाशी सोंडेनं थेट तुमच्या माणसांच्या खांद्यावर देतील. जमिनीला टेकायला नको."

"पण खिंडीत दिवसभर चालायचं, खांदे भरून येतील. पखाल टेकवायची कुठे?" तुंगाबाईनं विचारलं.

कुरंगी हसली. "कोसाकोसावर उंबर आहेत. फांदीला टांगू."

दुपारपर्यंत तिघं राणीसमोर उभी राहिली. बेत एकच होता, अडीच दिवसांचा.

"पाणी किती पोचेल?" राणीनं विचारलं.

"माणशी एक ओंजळ," तुंगाबाई म्हणाली. "जास्त थेंब नाही. राजेसाहेबांनाही एकच."

"पुरे आहे. निघा. हुकूम माझा, आणि मीही येते."

हत्ती दलदलीतून गेले. सोंडांनी पखाली उचलून दिल्या. हेर, आणि त्यांच्यासोबत राणी नि गजोबाही, खिंडीतून चालले, उंबराला पखाली टांगून श्वास घेत, पुन्हा चालत. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळतीला टेकायला हातभर उरला असताना, सारे गडाच्या दारात पोचले.

दगड राजाच्या हनुवटीला लागला होता. त्याला बोलता येत होतं, पण तो बोलत नव्हता, कारण आसपासच्या शिपायांनी त्याचा आवाज रडवेला ऐकावा असं त्याला वाटत नव्हतं. राणीनं ओंजळ भरली. तिनं पाणी त्याच्या पावलांवर सोडलं.

मीठ विरघळावं तसा दगड विरघळला. राजानं एक पाऊल टाकलं आणि तो धाडकन राणीच्या अंगावर कोसळला. राणी किंचाळली. कुरंगी धावली, गजोबा धावला.

"काय होतंय? कुठे दुखतंय?"

"मुंग्या," राजा कळवळून म्हणाला. "दोन्ही पायांना मुंग्या आल्यात!"

राणी आधी हसली, मग त्याच्या गळ्यात पडून मोकळेपणानं रडली. तेवढ्यात हेरांनी एकेका ओंजळीनं सोडवलेले सातशे शिपाई मुंग्या घालवायला एकदम पाय आपटू लागले, आणि सारा गड दणाणून गेला. त्या आवाजानं तळघरातलं झाकण आपोआप बसलं, ते कायमचं. मग ती सारी माणसं लंगडत, हसत, एकमेकांना धरून आपापल्या घरी गरम जेवायला पोचली, आणि आपली कहाणीही त्यांच्यासोबत पोचती झाली.