आप्पांच्या पायाला चार बोटं जागा

सोनकवडे गावात गुणाजी नावाचा एक माणूस होता. भोळा. किती भोळा म्हणाल, तर बायकोनं एकदा "जरा दुधाकडं बघा" म्हणून सांगितलं, तेव्हा दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा बघत बसला होता. वर म्हणाला, "बघायलाच सांगितलं होतं की." सांगितलेलं काम गुणाजीनं जन्मात कधी टाळलं नाही. गावाची तक्रार हीच होती.

गुणाजीचे वडील आप्पा. सहा फूट दोन इंच उंच. पासष्टाव्या वर्षी कुणी सांगितलं नसताना आंब्यावर चढले आणि वरून पडले. उजव्या पायात सळई घालावी लागली. पाय जुळला, पण गुडघ्यात वाकायचा थांबला. तेव्हापासून आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले की पाय थेट रस्त्याच्या दिशेनं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागायचा.

आप्पांची थोरली बहीण अक्का. ती चाळीस किलोमीटरवर खडकेवाडीला राहायची. मुलं-सुना पुण्याला, ती एकटी. दर भाऊबीजेला आप्पा तिच्याकडे जायचे, ओवाळून घ्यायचे, तिच्या हातची बासुंदी खायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पाय वाकेनासा झाला आणि हे सगळं बंद पडलं. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये आप्पांचा पाय मावेना. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, पाय खिडकीतनं भाईर काढा." आप्पा त्याला चार शब्द ऐकवून खाली उतरले ते उतरलेच.

दोन वर्षं अक्कानं भाऊबीजेला अंगणात उभं राहून चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नसतो, ती चंद्राला ओवाळते. आप्पांना हे कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा ते त्या दिवशी जेवले नाहीत. एवढा मोठा माणूस, पण भिंतीकडे तोंड करून बसला.

गुणाजीची बायको शेवंता. घरात डोकं म्हणून जे काही होतं ते हिच्याकडे. तिनं ठरवलं, जुनी का होईना, घरची गाडी घ्यायची आणि यंदाच्या भाऊबीजेला आप्पांना खडकेवाडीला पोचवायचंच. गुणाजीला गाडी उत्तम चालवता यायची. ट्रॅक्टरवर हात बसलेला. प्रश्न गाडी निवडण्याचा होता, आणि दिवाळीत शेवंताला तर घरातून हलायला सवड नव्हती.

"अवं, तालुक्याला जावा," ती म्हणाली. "हारूनभाईकडं जुन्या गाड्या हायत. मागच्या शिटावर आप्पांचा पाय लांब ऱ्हायला पायजे. पायाचं माप घिऊन जावा."

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" गुणाजी म्हणाला.

त्यानं सुतळी घेतली. आप्पांच्या कमरेपासून टाचेपर्यंत लावली, बरोबर तोडली, आणि गेला. हारूनभाईच्या पत्र्याच्या शेडखाली दहा-बारा गाड्या उभ्या होत्या. गुणाजीनं सगळ्यांत लहान गाडी निवडली. मागच्या सीटवर सुतळी ठेवली. मावली. म्हणून पुढं ड्रायव्हरशेजारच्या खणात ठेवून बघितली. तिथंही मावली. शेवटी त्यानं ती सिगारेटच्या राखेच्या डबीत कोंबली आणि डबीचं झाकणसुद्धा लागलं.

घरी येऊन म्हणाला, "शेवंते, गाडी लई मोठी हाय. आप्पांचा पाय राखंच्या डबीत बसतोय."

शेवंतानं कपाळावर हात मारला. "अवं, सुतळी दुमडतीया! आप्पांचा पाय दुमडतोय व्हय? दुमडत न्हाई असलं काय तरी न्यावं!"

"हात्तिच्या! एवढंच व्हय?"

रात्रभर त्यानं ते पाठ केलं. दुमडत नाही असलं न्यावं. सकाळी घरभर हिंडून एकेक वस्तू वाकवून बघितली. सूप वाकलं. खराटा वाकला. चुलीपुढची फुंकणीसुद्धा थोडी वाकली. पाटा मात्र काही केल्या वाकेना. गुणाजीनं पाटा खांद्यावर घेतला आणि एसटीत चढला. कंडक्टरनं पाट्याचं अर्धं तिकीट फाडलं.

त्यानं पाटा हारूनभाईच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवला. सीटमधून कर्रर्र असा आवाज आला आणि पाटा दिसेनासा झाला.

"मालक, ह्यो काय परकार?" हारूनभाई धावत आले.

"दुमडत न्हाई," गुणाजी म्हणाला.

"ते दिसतंय. पर शिटावर दगूड ठेवत्यात व्हय? जिता माणूस बसवून बघावा, मालक!"

"हात्तिच्या! एवढंच व्हय?"

पाटा घेऊन तो घरी आला. त्या दिवशी घरात चटणी झाली नव्हती, त्यामुळे शेवंता जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी गुणाजी जिवंत माणूस शोधायला निघाला. गावात जिवंत माणसं पुष्कळ होती, पण दिवाळीच्या घाईत मोकळं कुणी नव्हतं. मोकळे होते ते फक्त निवृत्त पोस्टमास्तर गोसावी. मास्तर मोठे सज्जन. उंची पावणेपाच फूट. तालुक्याला फुकट जायला मिळतंय म्हटल्यावर टोपी घालून तयार.

मास्तर मागच्या सीटवर बसले. त्यांचे पाय खाली टेकेनात. ते खुशीत येऊन पाय हलवत बसले. "ऐसपैस आहे हो," म्हणाले, "इथं मांडी घालून पोथीसुद्धा वाचता येईल." गुणाजी हरखून घरी आला आणि गाडी पसंत असल्याचं जाहीर केलं.

"कुणाला बसवलंवतंस?" आप्पांनी विचारलं.

"गोसावी मास्तरांस्नी."

आप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले. "आरं, मास्तर केवढं, म्या केवढा! उंच बघावं रं, गुणा. उंच!"

"हात्तिच्या! एवढंच व्हय?"

चौथ्या दिवशी गुणाजीनं हारूनभाईच्या शेडमधली एकही सीट बघितली नाही. तो सगळ्या गाड्यांच्या टपांकडे बघत फिरला आणि सगळ्यांत उंच होती ती जीप दाखवायला म्हणून घरी घेऊन आला. तिची पायरी माणसाच्या मांडीला लागत होती. न वाकणाऱ्या पायानं आप्पांनी तिच्यात चढायचं कसं? शेजारच्या कदमांची शिडी आणली. आप्पा दोन पावंडे चढले आणि तिथंच अडकले. वर जाता येईना, खाली येता येईना. अर्धा तास आप्पा शिडीवर उभे. सगळी गल्ली जमली. आप्पांनी वरूनच दोघा-तिघांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

खाली उतरवल्यावर ते म्हणाले, "ह्या घरात शेवंता सोडून कुणाला अक्कल न्हाई. माझ्यासकट. आंब्यावर म्याच चढलोतो."

शेवटी हारूनभाईंनीच हाय खाल्ली. हे गिऱ्हाईक पुन्हा शेडमध्ये यायला नको, म्हणून ते स्वतः एक लांबोडकी पांढरी गाडी घेऊन सोनकवड्याला आले. पहिल्या मालकानं जपून वापरलेली, बुटकी, दार रुंद उघडणारी. त्यांनी पुढची डावी सीट खालच्या दांडीनं जेवढी पुढं जाईल तेवढी ओढली. आप्पा मागच्या सीटवर पाठमोरे टेकले, मग वळले, आणि पाय आत घेतला. पाय सरळ राहिला. टाच आणि पुढची सीट यांच्यामध्ये शेवंतानं हात घालून बघितला.

"चार बोटं जागा ऱ्हातीया!" ती ओरडली.

आप्पांनी मागं डोकं टेकलं. दोन वर्षांनी माणूस गाडीत बसला होता आणि कुणी त्याला पाय बाहेर काढायला सांगत नव्हतं. गाडी घेतली. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू गेलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. शेवंतालाही भाऊ होता आणि पहाटेच्या एसटीनं तिला माहेरी जायचं होतं. एवढं सगळं नीट जमवलेलं, ते आता गुणाजीच्या हातात सोपवायचं. तिनं त्याला गाडीपाशी उभं केलं आणि सावकाश सांगितलं.

"ध्यान दिऊन ऐका. मागं पायाला जागा मोकळी ऱ्हायला पायजे. फराळाचा डबा मागं ठिवायचा न्हाई. पिशवी ठिवायची न्हाई. पुढची शीट हलवायची न्हाई. खडकेवाडी येस्तवर मागं मोकळं म्हंजे मोकळं! कळलं?"

"हात्तिच्या! एवढंच व्हय?"

शेवंता गेली. आप्पांनी आंघोळ केली, नवं धोतर नेसले, फेटा बांधायला आरशापुढं बसले. गुणाजी गाडीपाशी उभा राहून विचार करू लागला. सुतळी मागं ठेवली, शेवंता ओरडली. पाटा ठेवला, तेव्हाही ओरडली. मास्तरांना बसवलं, तेव्हा तर आप्पासुद्धा ओरडले. चूक सापडली म्हणून त्याला फार बरं वाटलं. आपण दर वेळी मागं काहीतरी ठेवत होतो! आता शेवंतानं स्पष्टच सांगितलंय, मोकळं म्हंजे मोकळं. आप्पा बसले तर राहणार चारच बोटं. चार बोटं म्हणजे काय मोकळं झालं?

फराळाचा डबा त्यानं पुढच्या सीटवर ठेवला, आणि निघाला.

चाळीस किलोमीटर त्यानं फार जपून गाडी चालवली. दर दहा मिनिटांनी आरशात बघायचा. मागं मोकळं होतं. वाटेत एका म्हातारीनं हात केला, तिला म्हणाला, "मागं मोकळं ठिवलंय, आजी." एका मास्तरांनी हात केला, त्यांना तर त्यानं बघितलंच नाही.

खडकेवाडीला अक्का सकाळपासून दारात उभी होती. रांगोळी काढलेली, चौरंग मांडलेला, पाटावर बसता येणार नाही म्हणून शेजाऱ्यांची उंच खुर्ची मागून आणलेली. गाडी थांबली तशी ती ताट घेऊन पुढं आली आणि मागच्या काचेतून आत वाकली. मग दुसऱ्या बाजूनं जाऊन वाकली.

"हरबा कुठाय?" तिनं विचारलं. आप्पांचं नाव हरबा.

"घरी."

"का रं? बरं न्हाई?"

"बरं हाईत की. फेटा बांधत्यात." गुणाजीनं मागचं दार सताड उघडलं. "बघा आत्या, केवढी जागा हाय! आप्पा आलं असतं तर पाय आरामात मावला असता."

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. ती रांगोळीशेजारीच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. मग तिनं डोळे पुसले, घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि ताट घेऊन गाडीपाशी आली.

"चल. त्यो येत न्हाई तर म्या जाते."

"मागं न्हाई बसायचं, आत्या."

"बरं बाबा, पुढं बसते." अक्का एवढीशी. पुढं ओढलेल्या सीटवर ती फराळाचा डबा मांडीवर घेऊन मजेत बसली.

सोनकवड्यात आप्पा फेटा बांधून ओट्यावर बसले होते. बारा वाजून गेले होते. गुणाजी दिसला की त्याला काय काय म्हणायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण गाडीतून अक्का उतरली आणि ठरवलेलं सगळं राहून गेलं. अक्कानं त्यांना खुर्चीतच बसवून ओवाळलं. दोन वर्षांचं उरलेलं मिळून तीनदा ओवाळलं. आप्पांचे ओठ थरथरायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "रडू नकोस, फेटा भिजंल."

"पर म्या तुझ्या दारात आलो न्हाई," आप्पा म्हणाले. "तुझी बासुंदी तिथंच ऱ्हायली. चल, आत्ता जाऊ. तुझ्या घरात बसून तुझ्या हातचं खाल्ल्याबिगर माझी भाऊबीज हुयाची न्हाई." मग ते गुणाजीकडे वळले. आवाज चढला. "आन् तू! नीट ऐक. आधी मला गाडीत बसवायचं. म्या बसलो का बघायचं. मगच गाडी हलवायची!"

"हात्तिच्या! एवढंच व्हय?"

चार वाजता गुणाजीनं आप्पांना बसवलं. पाय सरळ आत. टाचेपाशी हात घालून बघितलं, चार बोटं बरोबर. आप्पांनी मागं डोकं टेकलं. पहाटेपासूनची जाग, दुपारचं ऊन, आणि पायाला कुठंही रग नाही. गाडी सुरू होण्याआधीच ते घोरायला लागले. अक्का शेजारच्या कदमांच्या घरी हळदीकुंकू घ्यायला गेली होती. ती "आले रं, आले" म्हणत लगबगीनं बाहेर आली, तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती.

दिवस मावळताना आप्पांना जाग आली. समोर अक्काचं दार होतं. सकाळची रांगोळी होती. दाराला कुलूप होतं. आत बासुंदी होती. घरावर भाऊबीजेची बारीक चंद्रकोर आली होती.

"गुणा," आप्पा हळूच म्हणाले, "अक्का कुठाय?"

"घरी."

"का रं?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं? आधी मला बसव, मगच गाडी हलव. बसवलं. हलवली." गुणाजीनं खाली उतरून मागचं दार उघडलं. टाचेपाशी हात घालून बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. "अजून चार बोटं हाईत! आप्पा, पाय मावला न्हवं?"

आप्पांनी आधी पायाकडे बघितलं, मग कुलपाकडे.

"मावला रं बाबा," ते म्हणाले. "अक्का ऱ्हायली."