मनातल्या हंड्याची कहाणी

ऐक गं मनलक्ष्मी, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, गप्पा मागून करा.

नदीकाठी एक नगर होतं, आटपाट म्हणतात तसंच. नगरात राजा होता, राणी होती. वेशीकडच्या आळीत भिवरा नावाची बुरडीण होती. नवरा सुपं-टोपल्या विणी, ती बाजारात विकी. आलेलं खाण्यात सरे. छप्पर गळे, दाराशी गाय नव्हती, आणि एकुलती लेक ठकू नदीपल्याड दिलेली. पंचमी आली की आळीतल्या लेकी माहेरी येत, झोके बांधत. भिवरा काही लेकीला आणीना. म्हणे, "रिकाम्या घरी कशी आणू? लुगडं नाही, गोडधोड नाही. सासरची हसतील. पुढल्या पंचमीला आणीन." अशी एक पंचमी गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली. लेक तिकडं वाट बघे, आई इकडं झुरे.

एके शुक्रवारी काय झालं? भर दुपारी एक म्हातारी सवाशीण दाराशी आली. "बाई, पाणी दे." भिवरानं पाणी दिलं. म्हणाली, "आजी, सोबत गूळ द्यायला हवा, पण घरात नाही. असता तर एवढा मोठा खडा दिला असता." म्हातारी हसली. "दिलास तो, पोचला. तुला एक वसा सांगते, घेशील?"

"घेईन. पण खर्चाचा नको."

"खर्चाचाच आहे," म्हातारी म्हणाली. "शुक्रवारी न्हावं, माखावं, मूठभर चिंचोके घ्यावे, दिव्यापुढं बसावं. लक्ष्मीनं भरला हंडा पदरात घातला असं मनात आणावं. मग एकेक चिंचोका बाजूला ठेवावा आणि मोठ्यानं सांगावं, ह्याचं हे घेतलं, ह्याचं ते घेतलं. हात आखडू नये. मन मोठं होतं, मोठ्या मनात लक्ष्मीला बसायला जागा होते. मनातला खर्च कुणालाही सांगावा, कुणासंगेही करावा, पण विकू मात्र नये." असं सांगितलं आणि म्हातारी वळणावर दिसेनाशी झाली.

मग भिवरा वसा करू लागली. शेजारी चंद्राक्का होती. भिंत कुडाची, चंद्राक्काचे कान तिखट. ती आपली येऊन बसे. भिवरा म्हणे, "ह्याची कौलं घ्यायला गेले. कौलवाला किंमत फार सांगत होता, मी उठून आले."

"अगं, मनातलाच पैसा ना? दे की मागेल ते!"

"म्हणून काय स्वतःला लुबाडू देऊ?" भिवरा म्हणे. मग गाय घेई, गाईच्या गळ्यात घंटा घेई. शेवटी ठकूचं नाव येई. "ह्याचं ठकूला हिरवं लुगडं, पदरावर मोर. ह्याची तिला आणायला छपराची गाडी. ह्याचा गूळ, पुरण घालायला. ती पानावर बसलीय. म्हणते, आई, पुरे. मी म्हणते, एक घेच." मग दोघी डोळे पुशीत, दिवा शांत करीत. पोट भरत नसे, पण आठवडा ढकलायचं बळ येई.

चंद्राक्का राजवाड्यात फुलं घालायला जाई. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिनं राणीला सांगितलं, माळणींना सांगितलं, दारवानालाही सांगितलं. राणीनं ऐकलं. शुक्रवार आला तशी चिंचोके मागवले, दिव्यापुढं बसली. पहिला चिंचोका उचलला. काय घ्यावं? लुगडी होती. दुसरा उचलला. दागिने होते. तिसरा उचलला नि हातातच राहिला. राणीला काही हवंसंच वाटेना. लहानपणी डोलीतून आली, तेव्हा सासूनं सांगितलं होतं, राण्यांना काही हवं नसतं. तेव्हापासून तिनं हवं म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी राणी पालखीतून भिवराच्या दारी आली. म्हणाली, "भिवरा, तुझं हवंसं वाटणं मला दे. मी तुला हंडाभर सोनं देते, खरंखुरं."

भिवराला म्हातारीचं सांगणं आठवलं. पण डोळ्यांपुढं लेक आली, गाडी आली, मोराचा पदर आला. म्हणाली, "विकायचं नाही, बाईसाहेब. ओटी भरते मी तुमची. तुम्ही आपलं काय द्यायचं ते द्या." देवीला फसवायला निघाली! मग तिनं राणीची ओटी चिंचोक्यांनी भरली. राणीनं हंडा ठेवला. पालखी गेली.

भिवरानं हंडा उघडला. सोनं लखलखलं. नवरा म्हणाला, "छप्पर शाकारू." ती म्हणाली, "गळू दे." गवळी म्हणाला, "गाय घे." ती म्हणाली, "कशाला?" चंद्राक्का म्हणाली, "अगं बये, पंचमी आली, ठकूला आण." ती म्हणाली, "येईल यायची तेव्हा." हंडा कोपऱ्यात तसाच राहिला.

नदीपल्याड ठकूच्या कानी गेलं, आईकडं हंडा आला. ती हरखली. आता गाडी येईल, आता बाबा येतील. पंचमीचा दिवस चढला तरी कुणी आलं नाही. मग सासूच्या पाया पडली, नावेत बसली आणि आपली आपणच आली. "आई, मी आले!"

भिवरा वांगी चिरत होती. "आलीस? बस." ओंजळभर सोनं आणून लेकीपुढं ठेवलं. "घे." आणि पुन्हा वांगी चिरू लागली. वाळलीस का, विचारलं नाही. जेवलीस का, विचारलं नाही. ठकू थोडी बसली. म्हणाली, "आई, मी हे न्यायला आले होते होय?" सोनं तिथंच ठेवलं, तोंडाला पदर लावला आणि नदीकडं निघून गेली.

चंद्राक्का धावत आली. "अगं, पोर रडत गेली आणि तू भाजी करतेस? काळीज आहे का वरवंटा?"

भिवरा म्हणाली, "अक्का, मला रडू यायला हवं ना? मी बघतेय कधीची. येत नाही."

चंद्राक्कानं कपाळावर हात मारला. "ओटीत घालून दिलंस ते! जा, आण परत."

भिवरानं नवऱ्याला विचारलं, "हंडा परत देऊ?" तो म्हणाला, "ने बाई. हा आल्यापासून तू माझ्याशी भांडलीही नाहीस." मग हंडा डोईवर घेतला, राजवाड्यात गेली.

राणी सज्जात उभी. वेणी नाही, जेवण नाही, डोळे नदीकडं. म्हणाली, "भिवरा, ठकू आली का? मी तिची वाट बघतेय. मला जेवण जात नाही, झोप लागत नाही. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं."

"बाईसाहेब, ती माझी लेक. माझं मला द्या."

"नाही देणार. पुन्हा रिकामी होऊन बसू?"

भिवरा खाली बसली. म्हणाली, "ठकूची वाट बघता बघता दुसरं कुणी नाही का आठवलं?"

राणी नदीकडून वळली. म्हणाली, "माहेरची विहीर आठवली. रहाट कुरकुरायचा. धाकटा भाऊ काठावर बसून पाय हलवायचा. मी ओरडायची, पडशील मेल्या!" आणि राणी तोंड झाकून रडू लागली. "केवढा झाला असेल गं तो? मला माहेरी जायचंय. भिवरा, मला हवंय." मग तिनं डोळे पुसले, स्वतःच्या हातानं भिवराची ओटी भरली. हंडा ठेवून घेतला.

चिंचोके पदरात पडले आणि भिवराचे डोळे वाहू लागले. तशी उठली, अनवाणी धावली. बाजार मागं पडला, देऊळ मागं पडलं, नदी आली.

नाव पल्याड गेलेली. ठकू घाटावर पाठमोरी बसलेली. पावलं ऐकून वळली. "का आलीस? काही द्यायचं राहिलं?"

"काही आणलं नाही गं," भिवरा म्हणाली. लेकीची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं. "केवढी वाळलीस!"

ठकूनं हनुवटी सोडवून घेतली. "आता दिसलं होय?"

"चल घरी."

"घरी काय आहे?"

"छप्पर गळतंय. चुलीजवळ नाही गळत. तिथं दोघी निजू."

नाव आली. नावाडी म्हणाला, "बसता का, बाई?" ठकू म्हणाली, "आज नाही. माहेरी चाललेय."

बायांनो, हंडा काही भिवराकडं परत आला नाही. राणी माहेरी गेली, भावाला भेटली, आणि ओलं मन घेऊन आली. कोठारासाठी सुपं भिवराच्याच घरची घेऊ लागली. हळूहळू कौलं आली, गाय आली, लुगडंही आलं. पण लेक त्याच्या आधी आली.

मनलक्ष्मी भिवराला पावली, राणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. मनात हवं ते भरभरून येवो, तोंडानं बोलता येवो, आणि ज्यांची वाट बघतो त्यांची पावलं दारी वाजोत. लांबलचक कहाणी थोडक्यात सांगितली, ऐकणारीला फळली, सांगणारीला फळली, इथं पुरी झाली.