बगळ्याचं गुडघाभर पाणी

खाडीवर अजून पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. ससे, खारी, शेळ्या एका मोठ्या जहाजातून सहलीला जायच्या. जहाजाचा तांडेल होता एक ऐटबाज बगळा. एकदा ओहोटी लागलेली असताना, किनाऱ्यावरच्या भाऊबंदांना दिमाख दाखवायला त्याने जहाज काठाकडे वळवलं.

"पाणी किती?" सुकाणूवरच्या माकडाने विचारलं.

बगळा पुढे उतरून उभा राहिला. "गुडघाभर आहे की! आणखी किती हवं?"

जहाज वाळूत रुतलं आणि एका कुशीवर कलंडलं. आत रडारड सुरू झाली. बगळ्याने पंख उघडले. "मी मदत घेऊन येतो."

"तांडेल," पिल्लांना पोटाशी धरून सशीण म्हणाली, "पंख तुम्हालाच आहेत हो."

बगळ्याने पंख मिटले. चिखल तुडवत तो कुर्ल्यांच्या बिळांपाशी गेला. "चूक माझी आहे. जहाजाखालची वाळू उकराल का?"

बगळा चूक कबूल करतोय हे ऐकून कुर्ल्या आधी थक्कच झाल्या. मग शेकडो नांग्या कामाला लागल्या.

भरती आली, जहाज सरळ झालं. आता खोल पाणी शोधायला बगळा पुढे चालू लागला. पाणी पोटाला लागलं, मानेला लागलं, मग पायच सुटले. गटांगळ्या खात तो ओरडला, "माझे पाय टेकत नाहीत, इथूनच आणा!"

जहाज अलगद बाहेर पडलं. सगळ्यांनी मिळून बगळ्याला वर ओढलं.

"पाणी किती, तांडेल?" माकडाने सवयीने विचारलं.

बगळा खोकत म्हणाला, "मला काय विचारतोस? जहाजाला विचार."