ठेंगण्या दाराची कहाणी

ऐक बाळ येशू, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, तिथं शलोमी नावाची एक गरीब बाई होती. खायला कोंडा, निजेला धोंडा, गोठ्यात एक भाकड गाय. नाताळ तोंडावर आला, तशी ती विहिरीवर बसून रडू लागली. तिथं एक म्हातारी आली.

“बाई बाई, रडतेस का?”

“आजी, देवाचा सण आला. घरात चिमूटभर पीठ नाही. त्याचं कौतुक कशानं करू?”

“मी सांगते तो वसा घे. नाताळच्या सांजेला गोठ्यात जावं. दार ठेंगणं, वाकून जावं. आपल्या हातानं शेण काढावं, गव्हाणीत मऊ पेंढा घालावा, दिवा लावावा. म्हणावं, ‘प्रभू, जागा केली आहे.’ पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.”

“उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही.”

मग शलोमीनं वसा घेतला. गाय व्याली, शेत पिकलं, दारात गुरं मावेनात. पुढं काय झालं? बाई उतली, मातली. एके नाताळी गोठ्यात शिरताना चौकट कपाळाला लागली, अंबाडा सुटला. ती रागावली.

“गवंड्याला बोलवा. दार उंच करा. मी का म्हणून वाकू?”

दार उंच झालं. पुढचा नाताळ आला. शेण गड्यांनी काढलं, पेंढा गड्यांनी घातला. सांजेला शलोमी ताठ मानेनं आत गेली. दिवा लावला, वाऱ्यानं विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा विझला. मग अंधारात कण्हणं ऐकू आलं.

गुराख्याची बायको धुरपा गोठ्याच्या कोपऱ्यात राहायची. ती दुपारीच बाळंत झाली होती. बाळ गव्हाणीत होतं, गार पडलेलं. रडत नव्हतं.

धुरपा म्हणाली, “बाईसाहेब, दार मोठं झालं, वारं आत आलं.”

शलोमीच्या काळजात चर्र झालं. तिनं बाळ उचलून आईच्या उराशी दिलं. अंगावरची शाल दाराला टांगली, पुरेना. पेंढ्या रचल्या, पुरेनात. मग आपण दारात बसली, वाऱ्याला पाठ दिली, गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडली.

“प्रभू, तू राजांचा राजा, वाकून गव्हाणीत आलास. आणि मला चौकट ठेंगणी झाली! माझ्या ताठ्यापायी हे लेकरू नेऊ नकोस.”

मग काय झालं? वारा पाठीवर थांबला. गाईच्या श्वासानं गोठ्यात ऊब आली. बाळ हललं, दूध प्यालं, आणि असं रडलं की गुरं उठून उभी राहिली. धुरपानं दिवा लावला. तो राहिला.

सकाळी शलोमीनं आपल्या हातानं चिखल कालवला. गवंडी म्हणाला, “बाईसाहेब, दार ठेंगणं केलं तर तुम्हांला वाकावं लागेल.”

ती म्हणाली, “म्हणून तर करायचं.”

जशी शलोमीला गव्हाणीतली ऊब भेटली, तशी तुम्हां आम्हां भेटो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, ठेंगण्या दारीं, सुफळ संपूर्ण.