हौशीची वखार आणि राणीची शेगडी

एक होता माळ. राजा मागून येतो, घाई करू नका. आधी माळ. खाली सगळा दगड आणि वर बोटभर माती. ज्वारी पेरली की गुडघ्याएवढी व्हायची आणि मान टाकायची. जोमात काय त्या फक्त बाभळी. बांधावर बारा बाभळी होत्या, काळ्या बुंध्याच्या, अंगभर काटे घेऊन उभ्या.

माळावर एक घर. घरात चार माणसं. आजा दौलतबुवा, काका केरू, आत्या सगुणा, आणि सोळा वर्षांची हौशी. हौशीला आईबाप नव्हते. तिला हे तिघंच होते, आणि ते तिघं दिवसभर ओट्यावर बसायचे. आजा म्हणायचा, "आमच्या वेळी असं नव्हतं." काका म्हणायचा, "तसं नसतं करायचं." आत्या म्हणायची, "लोक काय म्हणतील?" एवढीच तिघांची तीन कामं. बाकी शेत, विहीर, चूल, झाडलोट सगळं हौशीकडे.

मग एकदा काय झालं, पिठाच्या मडक्याचा तळ दिसला. हौशी म्हणाली, "मी जळण विकते. बाभळीच्या फांद्या तोडते, वाळवते, शहरात नेते. घरापुढं वखारच घालते लाकडाची."

आजा म्हणाला, "आमच्या वेळी पोरी कुऱ्हाडीला हात लावत नव्हत्या."

काका म्हणाला, "लाकूडफाटा कोण विकत घेतं, खुळे? माळभर फुकट पडलाय."

आत्या म्हणाली, "डोक्यावर मोळी घेऊन फिरशील? लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून येते," हौशी म्हणाली, "आणि पीठही घेऊन येते." आणि कुऱ्हाड घेऊन बांधावर गेली.

पण तिने लगेच घाव घातला नाही, बरं का. तिकडे एक जुनी रीत होती. झाडाला आदल्या दिवशी सांगायचं. म्हणजे पाखरं, मुंग्या, सरडे, ज्यांना हलायचं ते हलतात. न सांगता कुऱ्हाड चालवली तर तो चोर. हौशीने पहिल्या बाभळीला हात लावला आणि म्हणाली, "बाई, उद्या सकाळी तुझ्या फांद्या नेणार आहे. आज सांगून ठेवते."

मग बाभळ बोलली. खोडाच्या आतून, जाड्याभरड्या आवाजात. "इतक्या वर्षांत मला सांगणारी तू पहिलीच. या घरातल्या थोरांनी कधी सांगितलं नाही, यायचे आणि तोडायचे. ऐक. फांद्या ने, बुंधा राहू दे. मी पुन्हा फुटेन. आणि तू मला सांगितलंस, तर माझं लाकूडही तुला सांगत जाईल. कान लावत जा."

दुसऱ्या दिवशी हौशीने फांद्या उतरवल्या. काटे साळून काढले. हाताची सालटं निघाली. खाली दगड मांडले, दगडांवर लाकडं रचली, दोन लाकडांत बोट जाईल एवढी फट ठेवली. वारा खेळायला पाहिजे ना. नुसती रास केली तर आतून बुरसते.

एक महिना गेला. हौशीने लाकडाला कान लावला. लाकूड म्हणालं, "अजून नाही."

आजा ओट्यावरून ओरडला, "अगं विक की! लाकूड ते लाकूड. त्याला काय लग्नाला उभं करायचंय?"

दुसरा महिना गेला. घरात नुसती अंबाडीची भाजी शिजत होती, तीही बिनतेलाची. हौशीने कान लावला. लाकूड म्हणालं, "अजून नाही." काका म्हणाला, "पोरगी लाकडाशी बोलते. हिला झाडपाल्याचं औषध द्या कुणीतरी." आणि तिघं खो खो हसले.

तिसऱ्या महिन्यात हौशीने दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या. खण्ण आवाज झाला. कान लावला. लाकूड म्हणालं, "आता ने."

मग हौशीने डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मोळी ठेवली आणि ती शहरात गेली. पहिली मोळी हलवायाने घेतली. त्याचे डोळे धुराने कायमचे लाल असायचे. हौशीचं लाकूड पेटलं आणि धूरच नाही! त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अरेच्चा, माझ्या दुकानाला छप्पर आहे होय!" दुसरी मोळी रंगाऱ्याने घेतली. त्याच्या कढईखालचा जाळ सकाळी लावला तो संध्याकाळपर्यंत एका तालात राहिला. मग आज ही गल्ली, उद्या ती गल्ली. घरापुढं वखार उभी राहिली. पिठाचं मडकं भरलं. ओट्यावरच्या तिघांनी भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "आमच्याच सल्ल्याने झालं सगळं."

आणि मग सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण आलं? आता आला राजा. म्हणजे राजाचा कारभारी आला, राजे स्वतः कुठे येतात! कारभारी म्हणाला, "राणीसाहेबांचे दिवस भरलेत. बाळ-बाळंतिणीला शेकायला निखारा लागेल. राणीसाहेबांना धूर सोसत नाही. चार गाड्या लाकूड हवं, खडखडीत वाळलेलं. राजवाड्यातलं जुनं सरपण डोहाळजेवणातच संपलंय. आता तुमच्यावरच भिस्त. घेऊ वजनावर."

हौशी नेहमी मोळीवर विकायची. वजनाचं तिच्या ध्यानातही आलं नाही. पण ओट्यावर तिघांचे कान टवकारले. ओलं लाकूड जड भरतं, हे त्यांना ठाऊक होतं. ओलं लाकूड जळत नाही, हेही ठाऊक होतं. पण थोर माणसांना दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवणं जमत नाही.

दोन दिवसांनी हौशी रंगाऱ्याकडे मोळी पोचवायला गेली. तेवढ्यात काय झालं? ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने प्यायला पाणी घेतलं नव्हतं, ते तिघं उठले. आजाने सांगितलं, काकाने विहिरीतून ओढलं, आत्याने ओतलं. घागरीमागून घागर. लाकूड पाणी पीत गेलं, फुगत गेलं. मग वरून कोरड्या फडक्याने पुसलं. मग चार गाड्या भरल्या, अंगात ठेवणीतले कपडे चढवले आणि तिघं गाडीवर बसून गाडीरस्त्याने राजवाड्याकडे निघाले. मानाचं पागोटं मिळणार होतं ना!

दुपारी हौशी पायवाटेने परत आली. बघते तर वखार रिकामी. दगडांखाली चिखल. पौषातल्या कोरड्या माळावर चिखल कुठून येईल? एक ढलपी खाली पडली होती. हौशीने ती उचलली. कापूस भिजावा तशी जड. कान लावला. ढलपी कुजबुजली, "हौशे, आम्हाला पाजलं गं."

हौशीने ढलपी टाकली आणि पळत सुटली. चप्पल वाटेत राहिली. तीन कोस वाट, समोरून बोचरा वारा. बाळ जन्मलं असेल का? शेगडी पेटली असेल का? धापा टाकत ती राजवाड्याच्या दारात पोचली, आणि आतून धूर येत होता.

चिमे, पांघरुणाबाहेर पाय काढू नकोस. ऐक.

बाळ जन्मलं होतं. मुलगी. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या वासरासारखी थरथरत होती. भिमाई सुईण तिला छातीशी धरून चोळत होती. राणी खाटेवर खोकत होती. शेगडीत हौशीची लाकडं ठेवली होती आणि त्यांतून फेस येत होता. आधी तेल ओतलं. विझलं. मग तूप ओतलं. विझलं. मग कापूर टाकला. भक्कन पेटला आणि विझला. शेजारून निखारे मागवले, तेही त्या शेगडीत पडले की काळे! गोवऱ्यासुद्धा धरेनात.

राजा लालबुंद झाला होता. "कुणाचं हे लाकूड?"

आजा, काका, आत्या भिंतीला टेकून उभे होते. तिघांनी एकदम बोट केलं. "हिचं!"

बघितलंत? वजन भरताना "आमचं". धूर निघाला की "हिचं".

राजा म्हणाला, "पोरी, माझं बाळ गारठलं तर तुझ्या बांधावर एक झाड ठेवणार नाही. बारा बाभळी मुळासकट खणून काढीन, आणि तुझी वखार बंद."

हौशी शेगडीपाशी वाकली, लाकडाला कान लावला. लाकूड म्हणालं, "ज्याने न सांगता पाजलं, त्याने आता सांगावं. तोवर ही शेगडी आम्ही पेटू देणार नाही."

हौशीने ते राजाला सांगितलं. राजा हसला. "लाकूड बोलतं?"

भिमाई म्हणाली, "महाराज, हसून ऊब येत नाही. बाळाचे ओठ निळे पडायला लागलेत. विचारा त्या तिघांना."

राजाने विचारलं. आत्या पुढे आली. "दव पडलं असंल हो. आम्ही कशाला करू असलं? लोक काय म्हणतील?" शेगडीतून धुराचा एवढा लोट आला की समोरची भिंत दिसेना. बाळ ठसकलं.

मग काका पुढे आला. "म्हणजे कसंय, धूळ बसावी म्हणून जरासं शिंपडलं. तसंच करायचं असतं." लाकडांतून पाणी गळायला लागलं. टप. टप. टप. शेगडीत थारोळं साचलं. बाळाचं रडणं बारीक झालं, मांजरीच्या पिल्लासारखं.

मग आजा पुढे आला. पागोटं सावरलं, खाकरला. "आमच्या वेळी सगळेच भिजवून विकायचे. कुणी मेलं नाही."

आणि बाळाचं रडणं थांबलं.

भिमाई जोरजोरात चोळत होती, तिच्या बांगड्यांचा तेवढा आवाज. राणी म्हणाली, "का रडत नाही ती? भिमाई, का रडत नाही?"

हौशी आजापुढं उभी राहिली. "आजा, सांगा."

"सोळा वर्षांच्या पोरीपुढं मी मान खाली घालू? आख्ख्या राजवाड्यात?"

"घाला."

"मी तुझा आजा आहे, हौशे!"

"ते सगळ्यांना माहीत आहे. पाणी कुणी घातलं, ते सांगा."

आजाने काकाकडं बघितलं. काका छताकडं बघत होता. आत्याने पदर तोंडाला लावला होता. भिमाई तरातरा आली आणि तिने बाळाचं पाऊल म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. "बोलू नका, बुवा. नुसता हात लावा."

ते पाऊल ओढ्यातल्या गोट्यासारखं गार होतं. आजाच्या अंगठ्याएवढं. आजाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"चुकून झालं असंल," तो म्हणाला.

निखारा काळाच.

"माझ्याकडून झालं, पण..."

निखारा काळाच.

मग म्हाताऱ्याने पागोटं काढून खाली ठेवलं. आवाज एकदम बारीक झाला. "मी भिजवायला लावलं. वजन भरावं म्हणून. पोरगी नको म्हणाली असती, म्हणून तिच्या मागं केलं. चुकलं माझं."

सळ्ळकन पाणी सुटलं! लाकडांतून, ढलप्यांतून, अंगणातल्या चार गाड्यांतून. उंबऱ्यावरून ओहोळ वाहत गेला. लाकडं खण्ण खण्ण वाजली, आणि शेगडीत लालभडक जाळ उठला. धुराची रेघ नाही. भिमाईने बाळाला जाळासमोर धरलं, हात तापवून छाती शेकली, पाठ शेकली, तळवे शेकले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बाळाने श्वास ओढला आणि असा टाहो फोडला की तबेल्यातले घोडे खिंकाळले.

मग काकाही म्हणाला, "पाणी मी ओढलं." आत्याही म्हणाली, "ओतलं मी." जाळ पेटल्यावर बोलायला काय जातंय! पण बोलले, तेवढं धरू.

राजा हौशीला म्हणाला, "शाबास पोरी." भिमाई त्याच्याकडं बघतच राहिली. राजा घुटमळला. "काय?"

"तुमचं राहिलंय, महाराज."

राजाने कारभाऱ्याकडं बघितलं, राणीकडं बघितलं. राणीने मान हलवली. मग राजा म्हणाला, "मी न विचारता धमकी दिली. आणि हसलो. चुकलं माझं." आणि काय सांगू, त्याचा मुकुट काही पडला नाही. डोक्यावरच होता.

मग सगळे घरी आले. हौशीने तिघांना हाकललं नाही आणि पायाही पडली नाही. एवढंच म्हणाली, "ओटा आता लाकडांना पाहिजे. तिथं ऊन चांगलं येतं." तेव्हापासून आजा लाकडं उलटीपालटी करतो, काका काटे साळतो, आत्या गिऱ्हाईक बघते. आणि तोडायच्या आदल्या दिवशी तिघांपैकी कुणीतरी बांधावर जाऊन बाभळीला सांगून येतं. पहिल्यांदा आजा गेला तेव्हा अर्धा तास नुसता उभाच होता. बाभळ थांबली. तिला कुठं जायचंय!

राजकन्या मोठी झाली, दुडुदुडू धावायला लागली. बाभळी फुटत राहिल्या, वखार चालत राहिली, आणि माळावरची ती चार माणसं आणि राजवाड्यातली सगळी माणसं पोटभर जेवून, उबेत झोपून सुखात राहिली.

आता तुम्हीही झोपा. उद्या घरातलं कुणी थोर माणूस उगाच तुमच्यावर खेकसलं, तर त्याला सरळ विचारा, "तुमचं चुकलं का?" धपाटा बसेल बहुतेक. तरी विचारा. आणि आज संध्याकाळी दुधाचं भांडं मीच लवंडलं, नाव मांजराचं घेतलं. चुकलं माझं. चला, मिटा डोळे.